चन्नव्वाचा डावा हात

माणसाला चारचौघांत ताप येऊ शकतो, खोकला येऊ शकतो, फार झालं तर रडूही येऊ शकतं. पण चारचौघांत खाजवलं की अब्रू गेली. सोलापुरात मंगळवार पेठेत माझं औषधाचं दुकान होतं आणि ते बरंचसं या अब्रूवरच चालायचं. गिऱ्हाईक इकडेतिकडे बघत यायचं, फळीवर झुकायचं आणि घरात एकाला जरा त्रास आहे असं पुटपुटायचं. तो 'एक' कोण हे मला त्याच्या नखांवरून कळायचं. मी मुकाट्यानं मलमाची डबी कागदात गुंडाळून द्यायचो.

अशा दुकानात एका सकाळी पन्नाशीची एक बाई शिरली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका प्रतिष्ठित वकिलाच्या मानेकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "खाजतंय का? मग वाचलास. घरी जा."

वकील डबी न घेताच गेला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. बुटकी, हाडापेरानं भक्कम, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही. तिनं गंधक मागितला, कापूर मागितला आणि कडू कवठाच्या तेलाची एक बाटली मागितली. मग फळीवरची माझी सगळ्यात महाग डबी उचलून तिच्यावरचं गोऱ्या बाईचं चित्र निरखलं आणि विचारलं, "हिला कदी खरूज झालीय का?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. "मग हिला कशाला इचारायचं?" म्हणाली आणि डबी जागेवर ठेवली. त्या दिवसापासून माझं नाव डबीवाला पडलं. बारशाचं नाव तिनं कधी विचारलंसुद्धा नाही.

ही चन्नव्वा. बाळीवेशीच्या आतल्या बोळात तिचं दोन खोल्यांचं घर आणि पुढे ओटा. त्या ओट्यावर सकाळचा गिरणीचा भोंगा झाला की चूल पेटायची, कढई चढायची, आणि तिळाचं तेल, मेण, गंधक, कडुनिंबाचा रस असा तिचा मलम शिजायचा. खाजेची माणसं ओट्याखाली रांगेनं बसायची. हातमागवाले, रंगखात्यातले, हमाल, तवायफा, एकदा तर एक फौजदार. मराठीत खाज, कानडीत तुरिके, तेलुगूत दुरद आणि मुसलमान मोहल्ल्यात खुजली, हा एकच शब्द तिला चारी भाषांत येत होता. मराठी-कानडीबाहेर तेवढ्यावर तिचं काम चालायचं.

तिची तपासायची रीत अशी. माणसाला डोळे मिटायला लावायचं आणि मोराच्या पिसाचा एक केस डागावरून फिरवायचा. "कुटं लागलं?" माणसानं बरोबर जागेवर बोट ठेवलं की हिचा चेहरा खुलायचा. खाजतंय का, विचारायची. लई खाजतंय अव्वा, जीव नकोसा झालाय, असं तो कळवळून सांगायचा. मग ही समाधानानं मान हलवायची आणि म्हणायची, "खाजतंय तवर भिऊ नगंस." मला हे ऐकून राग यायचा. समोरचा माणूस रक्त येईस्तोवर खाजवतोय आणि ही म्हणे वाचलास. लोक मात्र ते वाक्य देवाचा कौल असल्यासारखं घरी घेऊन जायचे.

मलम ती सगळ्यात शेवटी द्यायची, तोही कुरकुरत. आधी नखं काप. गार पाण्यात भिजवलेलं धुतलेलं फडकं ठेव. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंग धू. अंथरूण-पांघरूण उकळ आणि उन्हात टाक. घरात सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावा, एकानं लावून भागत न्हाय, खरूज घरभर फिरती. एवढं सांगून झाल्यावर मग पळसाच्या पानावर काडीनं मलमाचा गोळा ठेवायची आणि पान ओट्याच्या कडेला सरकवायची. कुणाच्या हातात हात देणं नाही, कुणाच्या अंगाला बोट लावणं नाही. फार सोवळी बाई, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

एका उन्हाळ्यात माझ्या स्वतःच्या कमरेला नायटा झाला. औषधवाल्यालाच नायटा, ही गोष्ट बाहेर फुटली असती तर दुकान उठलं असतं. मी गुपचूप माझ्याच फळीवरच्या डब्या एकेक करून लावल्या. पहिलीनं आग झाली, दुसरीनं साल निघाली, तिसरीनंतर मला धोतर नेसवेना. शेवटी दुपारी बोळात कुणी नाही असं बघून चन्नव्वाकडे गेलो. तिनं बघितलं आणि ती हसायला लागली. बराच वेळ हसली. मग म्हणाली, "धा दिस कायबी लावू नगंस. तुझी डबी नगं, माजा मलमबी नगं. कातडीला जरा गप बसू दे." धोतर रोज उकळून नेसायला सांगितलं. आग शमल्यावर पानावर चिमूटभर मलम मिळाला आणि नायटा गेला. औषध विकणाऱ्या माणसाला औषध बंद कर असं सांगून बरं करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यानंतर मी तिच्या ओट्यावर वरचेवर जाऊन बसायला लागलो.

तिला एक मुलगी होती, गिरिजा. दुधनीला अडतीच्या चांगल्या घरात दिलेली. सासू कडक, पण घर भरलेलं. गिरिजाचा निरोप दर महिन्याला यायचा, की अव्वा, दुधनीला ये. पुढे तिला मुलगी झाली, पारू, तेव्हा तर निरोपावर निरोप. चन्नव्वा गेली नाही. बारशालाही नाही. गिरिजाच एकदा संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला पोर घेऊन आली आणि तिनं पोर आईच्या मांडीवर ठेवायला पुढं केली, तर ही कढईपाशी जाऊन बसली. मलम करपंल, म्हणाली. गिरिजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथेच होतो, आणि मला त्या बाईची शिसारी आली. गावभरच्या खरजेवर माया करते आणि पोटच्या पोरीच्या पोरीला हात लावत नाही! हे मी तिला तोंडावर बोललोसुद्धा. तिनं ऐकून घेतलं आणि कालथा फिरवत राहिली.

आता डाव्या हाताचं सांगतो. पारूच्या जन्माच्या बऱ्याच आधीचा, श्रावणातला सोमवार होता. ओट्यावर बायका जमल्या होत्या, कढईत मेण आणि तेल कढत होतं. एक बाई कानडीत काहीतरी विचारत होती आणि चन्नव्वा तिच्याकडे वळून उत्तर देत होती. उजव्या हातात कालथा. डावा हात टेकायला म्हणून खाली आला आणि बोटं सरळ कढईत गेली. दुसऱ्या पेरापर्यंत. ती आपली बोलतेच आहे. कुणीतरी किंचाळलं. चन्नव्वानं किंचाळणाऱ्या बाईकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे, आणि मग हात सावकाश बाहेर काढला. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. हे मी पाहिलं. पण त्याचा अर्थ मी कसा लावला, ते आज सांगायलाही जीभ रेटत नाही.

लिंगायतांत रोज सकाळी पूजेला लिंग डाव्या तळहातावर घेतात. त्यावर पाणी घालतात, विभूती लावतात, बेलाचं पान वाहतात. ओट्याखाली बसलेल्या एका म्हातारीनं हात जोडले आणि म्हणाली, "ज्या हातावर लिंग बसतंय त्यो हात भाजंल कसा?" झालं. सगळ्या बायकांनी हात जोडले. मी लिंगायत नाही, देवभोळाही नाही, वर औषधं विकणारा. मीही हात जोडले.

त्या दिवसापासून मलम झाला की नाही हे ती डाव्या हाताच्या बोटांनी बघायला लागली. कढईत बोटं बुडवायची, बाहेर काढायची, थेंब कसा थिजतो ते बघायची आणि म्हणायची, "झालाय." लोक होटगीहून बघायला यायचे. गड्ड्याच्या दिवसांत तर बोळात पाय ठेवायला जागा नसे. डावा हात पुढे कायम विभूतीनं माखलेला आणि फडक्यानं गुंडाळलेला असायचा. विभूतीखाली काय आहे हे कुणी विचारलं नाही. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचो. माझा सोलापूरचा अभिमानच होता तो.

अशी पाच वर्षं गेली.

मग नरसय्या आला. हा गिरणीच्या रंगखात्यातला. पूर्वी त्याचे हात रंगानं फुटून रक्ताळले होते आणि चन्नव्वानं त्याला कुंडात हात घालण्याआधी तेल चोळायला शिकवून बरं केलं होतं. तेव्हापासून तो तिला अम्मा म्हणायचा आणि दर यात्रेला नारळ आणायचा. त्या दिवशीही हसतच आला. पाठीवर एक फिकट डाग होता, बायकोनं दाखवून ये म्हटलं म्हणून आला होता.

"खाजतंय का?"

"न्हाय अम्मा. ह्या वेळी कायबी त्रास न्हाय."

चन्नव्वाचा हात थांबला. तिनं पिसाचा केस फिरवला. कुटं लागलं, विचारलं. नरसय्या डोळे मिटून वाट बघत राहिला आणि म्हणाला, अम्मा, लाव की. तिनं पुन्हा फिरवला. तो पुन्हा म्हणाला, लाव की. चन्नव्वानं पीस खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला माजा मलम न्हाय. डबीवाल्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने." आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. कढई चुलीवर तशीच करपली. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

डॉक्टरांनी नरसय्याला तपासलं. महारोगाची सुरुवात होती. फार लवकर आलात म्हणून बरं झालं, असं त्यांनी त्याला तीन-तीनदा सांगितलं. आठवड्याला कडू कवठाच्या तेलाची सुई घ्यायची, कामावर बोभाटा करायची गरज नाही. नरसय्या बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसला. डॉक्टरांनी मला विचारलं की हे ओळखलं कुणी. झालं, मला तेच हवं होतं. मी चन्नव्वाची सगळी कथा सुरू केली. पीस, पळसाचं पान, आणि अर्थातच उकळत्या मेणात न भाजणारा हात.

डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी टाक खाली ठेवला.

"त्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वाकलंय का?"

मी म्हटलं, होय, थोडी वाकलीत, कालथा फिरवून फिरवून. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं. कालथा ती उजव्या हातानं फिरवायची.

पुढे डॉक्टर काय बोलले ते मला धड आठवत नाही. दर महिन्याला माझ्याच हातानं बांधून दिलेली कडू कवठाच्या तेलाची बाटली डोळ्यांसमोर आली. त्या तेलाला असा दर्प असतो की तो लपत नाही. तिच्या मलमाला तो दर्प कधीच नव्हता. मी औषधवाला. पाच वर्षं मी ते तेल दिलं आणि ते जातं कुठे हा प्रश्न मला पडला नाही, कारण माझे हात जोडलेले होते.

घरी गेलो आणि कार्बोलिक साबणानं हात तीनदा धुतले. बायकोच्या फडताळातलं मलमाचं पान उचलून चुलीत घातलं. हेही सांगायला हवं. मला भीती वाटली, आणि रागही आला. अर्ध्या सोलापूरच्या अंगाला तिचा मलम लागला होता. मग पळसाची पानं आठवली, काडी आठवली, बोटं बुडायची ती उकळत्या मेणात हे आठवलं, मांडीवर न घेतलेली पारू आठवली, आणि मी तिला जे तोंडावर बोललो होतो तेही आठवलं. साबण हातात घेऊन मी मोरीतच बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर गेलो. ती एकटीच निंब निवडत होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "डाक्टरनं इचारलं न्हवं?"

मी मान हलवली. तिनं निंबाची डहाळी बाजूला ठेवली आणि बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. त्या श्रावणाच्या आदल्या उन्हाळ्यात, माझ्या दुकानात पहिल्यांदा यायच्या आधी, एका सकाळी तिनं लिंग हातावर घेतलं आणि पाणी घातलं, तर पाणी गार लागेना. तिला वाटलं, पाणी कोमट असेल. तेच पाणी उजव्या हातावर घातलं, तर गार. मग तिनं डोळे मिटून स्वतःच्याच हातावर पीस फिरवलं. तिचा बाप होटगीकडचा झाडपाल्याचा जाणकार होता, ही परीक्षा त्यानंच तिला शिकवली होती. न खाजणाऱ्या डागाला भी, हेही त्यानंच सांगितलेलं.

"आनि ते कढईतलं?" मी विचारलं.

"ती बोटं चुकून गेली. मी घाबरले, आता समद्यांस्नी कळनार. तर बाया पाया पडाय लागल्या." पुढे म्हणाली, "देवाचं म्हनलं की हात कुनी तपासत न्हाय, बाबा. मग मी रोजच घालाय लागले."

मी म्हटलं, म्हणजे हात खरंच भाजत नव्हता?

"भाजतोय की. लई भाजतोय. नुसतं मला कळत न्हाय."

तिनं फडकं सोडलं आणि विभूती पुसली. मी आयुष्यात पुष्कळ जखमा पाहिल्या आहेत, धंदाच तो. पण त्या दिवशी मी तोंड फिरवलं. पाच वर्षं लोकांनी हात जोडून पाहिलेला चमत्कार तिथे भाजल्या कातडीचे थरांवर थर होऊन बसला होता.

कशासाठी, हे विचारायची गरज नव्हती, तरी तिनं सांगितलं. "दुधनीला कळलं तर गिरिजाला दुसऱ्या दिशी म्हायेरी घालवतील. रगतपितीवालीची लेक म्हनतील. पारूला तर कुनी दारात हुबं करनार न्हाय." मग म्हणाली, "तू मला बोललास तवा बरं वाटलं. म्हनलं, ह्याला कळलं न्हाय म्हंजी कुनालाच कळलं न्हाय."

आज म्हणतात की हा रोग असा सहज लागत नाही. तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मात्र कुणाचं सांगणं न ऐकता आपल्यापुरता पक्का बंदोबस्त केला होता. तिचा हात सोडून कुणाचाही हात भाजला नाही.

डॉक्टरांनी दूर निजामाच्या मुलखातला एक दवाखाना सुचवला. हात आता तरी वाचवता आला तर बघू, म्हणाले. तिनं एकच विचारलं, दुधनीला पत्र जाणार नाही ना. नाही म्हटल्यावर तयार झाली. त्याच गाडीनं श्रीशैलाचे यात्रेकरूही जात, तेव्हा चन्नव्वा श्रीशैलाला चालली आणि उरलेलं आयुष्य तिकडेच काढणार, असं मी बोळात सांगितलं. तिखटमीठ लावून सांगायची सवय होतीच. ती सवय त्या दिवशी कामाला आली.

अख्खा बोळ सोलापूर स्टेशनावर लोटला. बायका पाया पडत होत्या आणि डाव्या हाताला कपाळ लावायला धडपडत होत्या. चन्नव्वानं हात धाबळीत गुंडाळून छातीशी धरला होता. नवस हाय, श्रीशैलापतूर उघडायचा न्हाय, असं तिनं ठणकावून सांगितलं, आणि बायका तेवढ्यावरच आणखी गहिवरल्या. गर्दीच्या मागे नरसय्या नारळ घेऊन उभा होता. त्याला काय कळलं होतं कुणास ठाऊक. तो पुढे आला नाही, लांबूनच जमिनीवर डोकं टेकून गेला.

मी दुधनीपर्यंत तिच्याबरोबर गेलो. पुढे वाडी जंक्शनवर डॉक्टरांचा माणूस तिला उतरवून घेणार होता. दुधनी जवळ आली तशी म्हणाली, "गिरिजा येनार. मी वाकडं बोलले तर तू सांबाळ."

गाडी थांबली. मी उतरलो. गिरिजा पोरीला कडेवर घेऊन डबे शोधत धावत आली आणि तिनं पारूला खिडकीच्या गजांपाशी धरलं. पोर दीड-दोन वर्षांची, घामोळ्यानं लाल झालेली, किरकिरी. "अव्वा," गिरिजा म्हणाली, "आता परत येनार न्हाईस. एकदा त्यो हात ठेव की हिच्या डोक्यावर. समदं सोलापूर त्या हाताच्या पाया पडतंय."

चन्नव्वा मागे सरकली. गिरिजानं गजांतून हात घालून धाबळी धरली तशी ती आणखी मागे सरकली, पार बाकाच्या दुसऱ्या टोकाला. गिरिजा रडायला लागली. आईचं काळीज दगडाचं, असं ती भर फलाटावर बोलली. लोक बघायला लागले. चन्नव्वानं उजव्या हातानं पिशवीतून पळसाचं पान काढलं, मलमाचं, आणि बाकावरून खिडकीकडे सरकवलं.

पान गिरिजानं घेतलं नाही. मी घेतलं. तेवढ्यात कडेवरच्या पारूनं मान वाकडी केली आणि दोन्ही हातांनी मान खसाखसा खाजवायला लागली.

चन्नव्वा उठून गजांपाशी आली. "खाजवतीया?"

"महिना झाला," गिरिजा हुंदके देत, रागानंच म्हणाली, "रातचं झोपू देत न्हाय. सारखी खाजवतीया."

"समद्या अंगाला?"

"समद्या."

गाडीला धक्का बसला. चन्नव्वाचा चेहरा मी इतकी वर्षं पाहिला होता, पण तो असा सैल झालेला कधी पाहिला नव्हता. ती हसत होती. "खाजवू दे," ती म्हणाली. "वाचली बघ माजी पोर. खाजवू दे तिला."

गिरिजानं माझ्याकडे वळून विचारलं, ही अशी कशी बाई आहे हो. माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, गार पाण्यात फडकं भिजवून ठेवा, नखं कापा, आणि मग हा मलम लावा. गाडी फलाटाबाहेर गेली तोवर पारू आईच्या खांद्यावरून तिकडेच बघत, मान खाजवत होती.